माणूस एकटा पाडण्याचे तंत्र

सर्वंकष सत्ता केवळ बंदुकीच्या धाकावर चालत नाही. माणसाची माणसे, त्याची भाषा आणि त्याच्या आठवणी काढून घेऊन ती त्याला ताब्यात ठेवते. विसाव्या शतकाच्या इतिहासाने आणि साहित्याने नोंदवून ठेवलेल्या या यंत्रणेचा परिचय.

जानेवारी १९९२मध्ये पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची, म्हणजे स्टासीची, दप्तरे सामान्य नागरिकांसाठी खुली झाली. बर्लिनची भिंत नोव्हेंबर १९८९मध्ये कोसळली होती आणि डिसेंबर १९९१मध्ये झालेल्या कायद्याने प्रत्येकाला आपल्या नावाची फाइल वाचण्याचा हक्क दिला होता. आपल्यावर पाळत होती याची कल्पना बहुतेकांना होतीच. पाळत ठेवणारे कोण होते, हे मात्र अनेकांना पहिल्यांदाच कळत होते.

व्हेरा वोलेनबर्गर या शांतता व पर्यावरण चळवळीतल्या कार्यकर्त्या. १९८८च्या जानेवारीत त्यांना अटक झाली होती आणि त्यानंतर काही काळ देशाबाहेर राहावे लागले होते. त्यांच्याविषयीचे वृत्तांत ‘डोनाल्ड’ या सांकेतिक नावाचा एक खबऱ्या स्टासीला पुरवत असे. दप्तरे उघडली तेव्हा हा डोनाल्ड म्हणजे त्यांचा पती क्नूड असल्याचे निष्पन्न झाले. दोघांचा घटस्फोट झाला. पुढे पतीने क्षमा मागितली आणि पत्नीने ती केलीही. पण ज्या वर्षांना ती आपला संसार समजत होती, ती वर्षे एका सरकारी कपाटात आधीच दुसऱ्या नावाने जमा झालेली होती.

सर्वंकष सत्ता व्यक्तीवर ताबा कसा मिळवते, या प्रश्नाचे उत्तर या एका फाइलमध्ये बरेचसे सापडते. तुरुंग, छळछावण्या आणि गोळीबाराची पथके ही या सत्तेची ठळक साधने खरीच. परंतु तिचे नित्याचे काम याहून शांतपणे चालते. माणूस आणि माणूस यांच्यामधला विश्वास नाहीसा करणे, हे ते काम होय.

शब्दाचा जन्म

‘सर्वंकष’ या अर्थाचा ‘तोतालितारिओ’ हा इटालियन शब्द राजकारणात प्रथम आणला तो जोव्हानी अमेंदोला या उदारमतवादी पत्रकार-राजकारण्याने, १९२३ साली. मुसोलिनीच्या फॅसिस्टांना सत्तेत कोणाचाच वाटा नको आहे, हे दाखवण्यासाठी त्याने तो टीकेच्या सुरात वापरला. १९२५ साली मुसोलिनीने हाच शब्द अभिमानाने स्वतःला लावून घेतला. त्याच वर्षी फॅसिस्ट गुंडांनी अमेंदोलाला बेदम मारहाण केली आणि त्या दुखण्यातून न सावरता एप्रिल १९२६मध्ये त्याचा फ्रान्समध्ये मृत्यू झाला.

साधी हुकूमशाही आणि सर्वंकष सत्ता यांत फरक आहे. हुकूमशहाला प्रजेचे मौन पुरते. प्रजेने राजकारणात पडू नये, मग तिने घरी काय बोलावे, कोणते देव पुजावेत, मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. सर्वंकष सत्तेला मौन संशयास्पद वाटते. तिला टाळ्या हव्या असतात, आणि त्याही मनापासून. नाझी राजवटीतून निसटलेल्या हाना आरेंट या विदुषीने १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हिटलरची जर्मनी आणि स्टालिनचा सोव्हिएत संघ यांची एकत्र मीमांसा केली. या राजवटींचा पाया एकाकी पडलेल्या माणसांच्या समूहावर उभा असतो, हा तिच्या विवेचनाचा गाभा आहे. ज्याचा कोणावर विश्वास नाही आणि ज्याच्यावर कोणाचा विश्वास नाही, असा माणूस अखेर स्वतःच्या अनुभवावरही विश्वास ठेवीनासा होतो.

काचेच्या भिंती

साहित्याने हे इतिहासाच्याही आधी ओळखले होते. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने १९२०-२१च्या सुमारास ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या ‘एकमेव राज्या’त माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत. पडदे ओढण्याची मुभा ठरावीक वेळी, परवान्याची गुलाबी चिठ्ठी दाखवूनच मिळते. उठणे, जेवणे, चालणे सारे एका वेळापत्रकानुसार चालते. शेवटी राज्यकर्ते शस्त्रक्रिया करून माणसांची कल्पनाशक्तीच काढून टाकतात.

झाम्यातिन स्वतः जुना बोल्शेविक होता आणि झारच्या तुरुंगात राहून आलेला होता. त्याची कादंबरी १९२४ साली इंग्रजीत न्यूयॉर्कला प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात ती निघायला १९८८ उजाडले. १९३१ साली त्याने थेट स्टालिनला पत्र लिहून देश सोडण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, आणि १९३७ साली पॅरिसमध्ये त्याचे निधन झाले.

कादंबरीतल्या काचेच्या भिंतींची जागा प्रत्यक्षात कागदाने आणि गर्दीने घेतली. सोव्हिएत शहरांत एकेका मोठ्या घरात अनेक कुटुंबे, प्रत्येकाला एक खोली आणि सर्वांना मिळून एक स्वयंपाकघर, अशी व्यवस्था सर्रास झाली. घरांच्या टंचाईतून आलेल्या या व्यवस्थेने पाळतीचेही काम केले. शेजाऱ्याची खोली आपल्याला मिळावी म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचा मोह होई. डिसेंबर १९३२मध्ये देशांतर्गत पासपोर्टची पद्धत आली. कोणी कुठे राहावे, हे त्या पुस्तिकेतला शिक्का ठरवू लागला. सामूहिक शेतांवरच्या बहुसंख्य शेतकऱ्यांना हा पासपोर्ट दिलाच जात नसे, त्यामुळे गाव सोडून जाणे त्यांना जवळजवळ अशक्य होते. त्यांना पासपोर्टचा हक्क देणारा निर्णय १९७४ साली झाला.

भाषेवर ताबा

माणसाची ये-जा रोखता येते, तशी विचारांचीही रोखता येते, आणि त्याचा दरवाजा म्हणजे भाषा. व्हिक्टर क्लेंपरर हे ड्रेस्डेनमधील भाषांचे प्राध्यापक. ज्यू असल्यामुळे १९३५ साली त्यांची नोकरी गेली. पुढे ग्रंथालय, टंकलेखनयंत्र, रेडिओ सारेच वर्ज्य झाले. पत्नी ईव्हा ज्यू नसल्यामुळे ते मृत्युछावणीपासून बचावले. या काळात त्यांनी गुपचूप रोजनिशी लिहिली. ईव्हा तिची पाने पिर्ना येथील एका परिचित डॉक्टर महिलेकडे लपवण्यासाठी नेऊन देत. पाने सापडली असती, तर तिघांचाही जीव गेला असता.

या नोंदींच्या आधारे क्लेंपरर यांनी १९४७ साली नाझींच्या भाषेवर पुस्तक लिहिले. भाषणांपेक्षा रोजच्या वापरातल्या सुट्या शब्दांनी लोकांना अधिक बिघडवले, असे त्यांचे निरीक्षण आहे. ‘धर्मांध’ किंवा ‘माथेफिरू’ या छटेचा शब्द नाझी काळात स्तुतिवाचक झाला. ‘विशेष वागणूक’ म्हणजे ठार मारणे, असा सरकारी कागदपत्रांतला अर्थ होता. रशियातही हेच घडत होते. पकडून नेलेल्या माणसाची चौकशी करायला आलेल्या नातेवाइकांना ‘पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षे’ असे उत्तर मिळे. त्या माणसाला बहुधा गोळी घातलेली असे. घरची माणसे मात्र दहा वर्षे मोजत बसत.

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतली ‘नवभाषा’ याच अनुभवविश्वातून आली. जून १९४९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत दर आवृत्तीगणिक शब्दकोश लहान होत जातो. बंडाला शब्दच उरले नाहीत, तर बंडाचा विचारही करता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेल्या ऑर्वेलने १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धात स्वतः लढून पाहिलेल्या घटना वृत्तपत्रांत उलट्या रंगवलेल्या पाहिल्या होत्या. १९४१ ते १९४३ या काळात त्याने बीबीसीच्या पूर्व विभागात भारतासाठी कार्यक्रम केले. कोल्हापूर परिसरातून आलेल्या लेखिका वेणू चितळे तिथे त्याच्या सहकारी होत्या. युद्धकाळामुळे तिथली प्रत्येक संहिता सेन्सॉरच्या हाताखालून जाई. ब्रिटन ही काही सर्वंकष सत्ता नव्हती. परंतु शब्द कसे तासले जातात, हे ऑर्वेलला तिथे रोज दिसत होते.

भूतकाळाची दुरुस्ती

ऑर्वेलचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी खात्यात जुनी वृत्तपत्रे दुरुस्त करण्याचे काम करतो. सत्तेच्या मर्जीतून उतरलेला माणूस जुन्या अंकांतूनही नाहीसा होतो. ही अतिशयोक्ती नव्हती. स्टालिनच्या महादमनाच्या काळात गुप्त पोलिसांचा प्रमुख असलेला निकोलाय येझोव्ह मॉस्को कालव्याच्या काठी स्टालिनशेजारी उभा असलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १९४०मध्ये येझोव्हलाच गोळी घालण्यात आली, आणि नंतरच्या छायाचित्रात त्याच्या जागी फक्त पाणी दिसते.

ऑर्वेलच्या मृत्यूनंतर तर वास्तवाने कादंबरीला मागे टाकले. डिसेंबर १९५३मध्ये बेरियाला मृत्युदंड देण्यात आला. त्याच्यावरील नोंद असलेला ‘बृहद् सोव्हिएत विश्वकोशा’चा खंड तोवर वर्गणीदारांच्या घरी पोहोचला होता. प्रकाशकांनी सर्वांना नवी पाने पाठवली आणि जुनी कापून ती जागेवर चिकटवण्याची सूचना केली. नव्या पानांवर बेरिंग समुद्राची सविस्तर माहिती होती. या प्रसंगातली खरी मेख कात्रीत आहे. खोटे लिहिण्याचे काम सत्तेने केले. ते आपल्या घरात, आपल्या हाताने खरे करून घेण्याचे काम वाचकावर सोपवले.

घरातला खबऱ्या

१९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत सरकारच्या स्वतःच्या नोंदींनुसार सुमारे ६ लाख ८१ हजार लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. जुलै १९३७च्या एका आदेशाने किती जणांना मारायचे आणि किती जणांना छावणीत धाडायचे, याचे प्रांतवार कोटे ठरवून दिले. त्यापाठोपाठ ऑगस्टमध्ये आलेला आदेश ‘देशद्रोह्यां’च्या बायकांविषयी होता. पती दोषी ठरला की पत्नीला छावणीत पाठवावे आणि लहान मुलांना अनाथालयात, असे त्यात नमूद होते. ज्या पत्नीने पतीविरुद्ध आधीच खबर दिली असेल, तिला मात्र सूट होती. निष्ठा आणि नाते यांतले एकच निवडता येईल, अशी तजवीज कायद्यानेच केली होती.

मुलांपुढे आदर्श ठेवला गेला तो पावलिक मोरोझोव्हचा. उरल भागातल्या गेरासिमोव्का गावचा हा मुलगा १९३२ साली मारला गेला. वडिलांविरुद्ध सरकारला माहिती दिल्यामुळे नातेवाइकांनी त्याचा खून केला, अशी कथा पाठ्यपुस्तकांतून आणि पुतळ्यांतून पसरवण्यात आली. मूळ घटनेतले किती खरे, याबद्दल पुढच्या अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत. परंतु दंतकथेचा परिणाम खरा होता. मुलांसमोर बोलू नये, हे आईबाप शिकले. ऑर्वेलच्या कादंबरीत पार्सन्स नावाच्या शेजाऱ्याला त्याची सात वर्षांची मुलगी पकडून देते, आणि त्याला तिचा अभिमानच वाटतो.

नाझी जर्मनीत गेस्टापोचे मनुष्यबळ लोकसंख्येच्या मानाने थोडे होते. व्युर्झबुर्ग येथे बचावलेल्या गेस्टापोच्या फाइलींवरून अभ्यासकांना दिसून आले, की अनेक प्रकरणांची सुरुवात सामान्य नागरिकांनी आपणहून दिलेल्या माहितीतून झाली होती. कोणाला शेजाऱ्याशी असलेला जुना वाद मिटवायचा होता, कोणाला धंद्यातला प्रतिस्पर्धी नको होता. सत्तेने क्षुद्र वैरांना फक्त एक पत्ता दिला. या जर्मनीतून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचे दुःख मराठी वाचकाला युद्धाच्या उंबरठ्यावरच भेटले होते. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीतली हॅर्टा ही अशाच निर्वासितांपैकी एक.

तुरुंगाविना शिक्षा

पूर्व जर्मनीने हे तंत्र सर्वाधिक शास्त्रशुद्ध केले. १९५०मध्ये स्थापन झालेल्या स्टासीत १९८९ साली सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, आणि अनधिकृत खबऱ्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या वर होती. देशाची लोकसंख्या होती अवघी १ कोटी ६४ लाखांच्या आसपास. पत्रे वाफेवर उघडली जात. संशयितांच्या अंगाचा वास फडक्यांवर घेऊन, तो काचेच्या बरण्यांत साठवला जाई, म्हणजे गरज पडली तर कुत्र्यांना माग काढता यावा.

१९७३ साली हा देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि १९७५ साली त्याने मानवी हक्कांचा उल्लेख असलेल्या हेलसिंकी करारावर सही केली. उघड अटकसत्रे आता प्रतिष्ठेला बाधक ठरणार होती. जानेवारी १९७६च्या एका अंतर्गत निर्देशाने त्यावर तोडगा काढला. त्यातल्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘विघटन’ असा होतो. लक्ष्य ठरवलेल्या माणसाला हात लावायचा नाही. त्याचे आयुष्य आतून सुटे करायचे. त्याच्याविषयी अफवा सोडायच्या, त्याच्या नोकरीत अपयशामागून अपयश घडवायचे, मित्रांमध्ये परस्परसंशय पेरायचा, संसारात बिब्बा घालायचा. कधी घरात शिरून वस्तू किंचित हलवून ठेवायच्या. तक्रार करावी तर कोणाकडे, आणि सांगावे तर वेडाच ठरावे. या छळाविषयी विपुल लिहिणारे लेखक युर्गेन फुक्स यांना १९७६मध्ये अटक झाली आणि पुढच्या वर्षी पश्चिम बर्लिनला हद्दपार करण्यात आले. कवी रायनर कुन्झे यांनी आपल्या फाइलीतले निवडक कागद १९९०मध्ये पुस्तकरूपाने छापले. ख्रिस्टा वोल्फ या नामवंत लेखिकेची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. त्यांच्यावर अनेक वर्षे पाळत होती; पण त्याआधी १९५९ ते १९६२ या काळात त्यांनी स्वतःही काही माहिती दिली होती, हे १९९३ साली उघड झाले. बळी आणि साथीदार यांच्यातली रेषा पुसणे, हाही या व्यवस्थेचा डाव असतो.

भाजीवाल्याची पाटी

चेक नाटककार वाक्लाव हावेल यांनी १९७८ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात याच मुद्द्यावर बोट ठेवले. त्यांनी एका भाजीवाल्याचे उदाहरण घेतले आहे. तो दुकानात कांद्या-गाजरांमध्ये जगातल्या कामगारांच्या एकजुटीची पाटी लावतो. त्या मजकुरावर त्याचा विश्वास नाही, आणि त्याने विश्वास ठेवावा अशी सत्तेचीही अपेक्षा नाही. त्याने ती लावावी, एवढीच अपेक्षा आहे. पाटीचा खरा अर्थ ‘मी आज्ञाधारक आहे, मला त्रास देऊ नका’ असा असतो. प्रत्येक दुकानात अशी पाटी दिसली, की प्रत्येकाला वाटते, आपण एकटेच याच्याविरुद्ध आहोत. हावेल यांना या विचारांची किंमत १९७९ ते १९८३ अशा तुरुंगवासाने मोजावी लागली.

जे हाती लागत नाही

या यंत्रणेला पुरून उरले, ते बहुधा दोन-चार माणसांमधल्या विश्वासामुळे. ओसिप मांदेलश्ताम याने नोव्हेंबर १९३३मध्ये स्टालिनवर एक उपहासात्मक कविता रचली आणि कागदावर न उतरवता निवडक परिचितांना म्हणून दाखवली. त्यांतल्या कोणीतरी ती पोहोचवली. मे १९३४मध्ये अटक, मग हद्दपारी, पुन्हा अटक, आणि २७ डिसेंबर १९३८ रोजी व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत मृत्यू, असा त्याचा शेवट झाला. एका श्रोत्याने घात केला. पण पत्नी नाडेझ्डा हिने पुढची अनेक वर्षे गावोगाव भटकत त्याच्या अप्रकाशित कविता पाठ करून जपल्या. आना आख्मातोव्हाच्या मुलाला पकडून नेले होते, आणि लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर ती सतरा महिने रांगेत उभी राहिली होती. त्या अनुभवावरच्या कविता ती कागदाच्या चिटोऱ्यावर लिही, समोर बसलेली लिडिया चुकोव्स्काया त्या पाठ करी, आणि मग कागद रक्षापात्रात जाळला जाई. ‘रेक्विएम’ हे काव्य अशा रीतीने काही स्त्रियांच्या स्मरणात टिकले. ते १९६३ साली म्युनिकला छापले गेले, सोव्हिएत संघात १९८७ साली.

वासिली ग्रॉसमनच्या ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीसाठी तर फेब्रुवारी १९६१मध्ये केजीबीची माणसे घरी आली. त्यांनी लेखकाला नेले नाही. हस्तलिखित, कार्बन कागद आणि टंकलेखनयंत्राच्या फितीसुद्धा नेल्या. ग्रॉसमन १९६४मध्ये वारला. मित्रांकडे लपवलेल्या प्रतीवरून कादंबरी १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये निघाली.

पूर्व जर्मनीचा शेवटही याच सूत्राला धरून झाला. स्टासीला सर्व काही ठाऊक होते, तरी ९ ऑक्टोबर १९८९ रोजी लाइपझिगच्या रस्त्यावर सुमारे ७० हजार माणसे एकत्र चालली तेव्हा तिला काही करता आले नाही. चार दशके ज्यांना आपण एकटे आहोत असे वाटायला लावले होते, ती माणसे त्या संध्याकाळी एकमेकांना दिसली. महिन्याभरात भिंत पडली.

शेवटच्या दिवसांत स्टासीच्या अधिकाऱ्यांनी कागद फाडायला सुरुवात केली. ते तुकडे भरलेली सुमारे १६ हजार पोती नंतर हाती आली. उरलेले दप्तर एका ओळीत लावले, तर १११ किलोमीटर भरते. जून २०२१पासून ते जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहे. आपली फाइल पाहण्यासाठी आजवर तीस लाखांहून अधिक अर्ज आले. पाळतीची साधने आता वाफेच्या किटलीपेक्षा पुष्कळ पुढे गेली आहेत, आणि प्रत्येक पाळत म्हणजे सर्वंकष सत्ता नव्हे, हेही खरे. कोणत्याही व्यवस्थेची कसोटी घ्यायची झाल्यास मात्र या फाइली एक साधा प्रश्न पुढे ठेवतात: रात्री जेवणाच्या ताटावर माणूस आपल्या माणसांशी मोकळेपणाने बोलू शकतो की नाही?